पाऊण तासानं सरकणारा खड्डा

धाकटीचं चांगलं झालेलं मला बघवत नाय. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागून कुणी म्हणायला नको की आवडाबाईनं झाकून ठेवलं. धाकटी म्हणजे माझी जाऊ, राजनंदिनी, माझ्या दिराची, शिवराजची बायको. शहरात, पुंडलिकनगरात वाढलेली, बारावी सायन्स. लग्न होऊन देवगाव रंगारीला आली तवा मला वाटलं, खांदणीला, आलं उकरायला, चार दिवस नेली की हिच्या हाताला फोड येतील आन ही शहराकडं तोंड करून रडत बसंल. फोड आले. ती रडली नाय. हळद लावली आन पाचव्या दिवशी माझ्या आधी वावरात हजर. तिथूनच माझं बिनसलं.

वाटणी झाली तवा विहिरीचा तुकडा मी मागून घेतला. भांडून घेतला म्हणा. विहीर, मोटार, लोखंडी पाइप, पत्र्याचं शेड, सगळं आमच्याकडं आलं आन पलीकडचा मुरमाड माळ शिवराजला गेला. माझा मालक कडुबा म्हणला होता, "आगं, बारका भाऊ हाय तो, जरा इचार कर." मी म्हणले, "त्याला वाळूजची कंपनी हाय, त्याला काय करायची विहीर." कडुबा गप्प बसला. शिवराज बी गप्प. धाकटी तेवढी हसून म्हणली, "ताई, आम्हाला माळ चालंल." भांडली असती तर बरं वाटलं असतं मला. चालंल म्हणून तिनं माझा सगळा डाव फिका करून टाकला.

दोन वर्षांमागं शहरातून मुबश्शिरा मॅडम आल्या. कॉलेजात फिजिक्स शिकवत्यात, चाळिशीच्या आतल्या, डोक्यावर ओढणी, पायात बूट. त्यांना जागा पाहिजे होती. अशी जागा, जिथं विजेची तार नाय, मोटार नाय, पत्रा नाय, जमिनीत पाइप नाय. माझ्या विहिरीवर चहा पिल्या, हातातलं यंत्र इकडं तिकडं फिरवलं आन म्हणल्या, "मावशी, तुमच्या शेतात लोखंड फार आहे." आन सरळ माळावर गेल्या. मी ज्याच्यावर थुंकले होते, त्याच मुरमावर त्यांनी खोली बांधली. विटांची न् लाकडाची. खिळे पितळेचे, कडी-कोयंडा पितळेचा. गावात आजवर कुणाच्या देव्हाऱ्याला एवढं पितळ लागलं नसंल.

त्या खोलीत जमिनीचं चुंबक मोजायचं यंत्र हाय. मॅडमनं आम्हाला सगळ्यांना ओट्यावर बसवून समजावलं होतं. आपल्या डोक्यावर शंभर-एक किलोमीटरवर दिवसा उन्हानं हवेत वीज तयार होती आन ती वाहती, पाटाला पाणी वाहावं तशी. ती वाहिली की इथं खाली चुंबकाला जरासा हिसका बसतो. त्या हिसक्याचा आकडा यंत्र दाखवतं. सकाळी आकडा चढतो, बाराच्या आसपास माथ्यावर जातो, मग सांजेपर्यंत उतरतो. आता ती वीज वाहती कशामुळं, तर वाऱ्यामुळं. ऊन हवेला तापवतं, हवा फुगती न् बसती, तिला समुद्रावानी भरती-ओहोटी येती आन ती भरती वर वर पोचून त्या विजेला ढकलती. मी समुद्र पाहिला नाय. पण विहिरीला पाणी चढताना-उतरताना उभा जन्म पाहिलंय, तवा मला कळलं. मॅडम मात्र सगळं बोलत होत्या धाकटीकडं बघून.

आन काम बी तिलाच मिळालं. सकाळी आठ ते सांजच्याला पाच, दर अर्ध्या तासानं आकडा वहीत उतरवायचा. यंत्राच्या खोलीत नाय जायचं. तिथून तार काढून तीस पावलांवर एक बारकं खोपट केलंय, त्यात आकड्याचा डबा हाय. पण खोपटाच्या बी बाहेर चुन्याची रेष मारलेली, आन रेषेच्या आत लोखंड न्यायचं नाय. विळा नाय, खुरपं नाय, साडीची पिन नाय, मोबाइल नाय. धाकटी रेषेपाशी उभी राहून पदराच्या पिना काढायची, मोबाइल दगडावर ठेवायची आन देवळात शिरावं तशी आत जायची. येणारी-जाणारी बाई थांबून बघायची. "काय गं आवडाबाई, तुझी जाऊ तर सायंटिस झाली," असं मला म्हणायच्या. मी म्हणायची, "व्हय, अर्ध्या तासाला एक आकडा लिहायचा, लई डोकं लागतं त्याला."

मानधनाचं माझं काही नव्हतं. ते किती होतं हे मी विचारलं बी नाय. माझ्या जिवाला लागलं होतं ते दुसरंच. मॅडम पंधरवड्यानं यायच्या, गाडी रस्त्यावर माझ्या विहिरीपाशी लावायच्या, कारण पुढं न्यायची नाय. मला "कशा आहात मावशी" म्हणायच्या न् माळाकडं चालायला लागायच्या. तिला मात्र नंदिनी. नंदिनी हे बघ, नंदिनी ते बघ. डब्याचं झाकण उघडून नखाएवढं कायतरी काढायच्या, दुसरं बसवायच्या. मला वाटायचं सेल बदलत्यात. मग दोघी खोपटाच्या सावलीत वही उघडून तासभर बोलायच्या, डोक्याला डोकं लावून. मी इकडं हरभऱ्यात उभी. मी बी सातवी पास हाय. मला बी आकडे लिहिता येत्यात. मला कुणी विचारलंच नाय.

त्यात ह्या दिवाळीत शिवराजनं घरात सांगितलं की मॅडम उन्हाळ्यात राजनंदिनीला दक्षिणेकडच्या मोठ्या वेधशाळेत ट्रेनिंगला धाडणार हायत. कडुबा एवढा खूश झाला की दोन वेळा म्हणला, "धाकटी लई हुशार निघाली." पंचवीस वर्षं ह्या माणसाच्या भाकरी थापल्या मी. मला हुशार म्हणल्याचं आठवत नाय. त्या दिवशी मी भाजीत मीठ जास्त टाकलं, जाणूनबुजून.

आता पौषातली गोष्ट. वद्य त्रयोदशीला धाकटी सांजेला घरी आली ती तोंड उतरवून. म्हणली, "ताई, आज बारा वाजता आकडा चढायचा तर घसरला. वीस-पंचवीस आकडे खाली. मग पुन्हा वर आला." मी म्हणले, "यंत्र बिघडलं आसंल." दुसऱ्या दिवशी, चतुर्दशीला, पुन्हा तसाच खड्डा, एकच्या सुमाराला. तिनं वहीच्या पानांचे फोटो काढून मॅडमला धाडले. अमावास्येला मॅडम भर उन्हात येऊन हजर.

गाडीतून उतरल्या त्या माझ्यापाशी. तोंड घामानं डबडबलेलं. म्हणल्या, "मावशी, खरं सांगा. दुपारी इकडे कुणी गाडी घेऊन येतं का? बाईक, ट्रॅक्टर, काही? लोखंड जवळ आलं की आकडा असाच पडतो." पहिल्यांदा त्या माझ्याकडं बघून बोलत होत्या. नुसतं कशा आहात नाय. माझ्या उत्तराची वाट बघत उभ्या होत्या.

मी म्हणले, "येतं की. शिवराजची गाडी. त्याची दुसरी पाळी हाय ना, जायच्या आधी रोज जेवायला तिच्यापाशी येतो. खोपटाला टेकवून लावतो गाडी."

शिवराज यायचा, हे खरं. पण गाडी बाभळीपाशी लावायचा, रेषेच्या बाहेर लई लांब, आन जेवणाचा डबा घेऊन पायी आत जायचा, डबा बी प्लास्टिकचा. हे मला माहीत होतं. हरभऱ्यातून सगळं दिसतं. जीभ आपसूक वळली असं मी म्हणणार नाय. मी वळवली.

मॅडम माळावर गेल्या. मी बी मागं गेले, काय होतं ते बघायला. धाकटी म्हणली, "नाय मॅडम, गाडी कधीच रेषेच्या आत आली नाय." मॅडमनं विचारलं, "मग आवडामावशी खोटं बोलतात का?" धाकटीनं माझ्याकडं बघितलं. मी तिच्याकडं बघितलं. तिनं मान खाली घातली आन म्हणली, "त्यांना लांबून तसं दिसलं आसंल."

बाभळीच्या वाटेवर टायरच्या खुणा होत्या, त्या कुठवर आल्यात हे मुरमात नीट कळत नव्हतं. मॅडम वाकून खुणा बघत फिरल्या. दोन वर्षांची मेहनत होती त्यांची, आन पुढच्या महिन्यात दिल्लीहून माणसं सगळं तपासायला येणार होती. शेवटी म्हणल्या, "नंदिनी, मी तुला दोषी धरत नाही. पण मला खात्री करावी लागेल. पंधरा दिवस तू आणि शिवराज रेषेच्या जवळसुद्धा यायचं नाही. वही आवडामावशी लिहितील. खड्डा थांबला तर कारण कळलं. मग मला दुसरी व्यवस्था बघावी लागेल." दुसरी व्यवस्था म्हणजे ट्रेनिंग बी गेलं, हे तिघींना बी समजलं. धाकटीनं पेन माझ्या हातात दिलं. आन मला, खोटं कशाला सांगू, लई गोड वाटलं.

दुसऱ्या दिवशी, अमावास्येनंतरच्या पाडव्याला, सकाळी पावणेआठलाच मी रेषेपाशी होते. पिना काढल्या, पैंजण काढलं, केसातला चाप काढला. आत गेले, घोंगडी टाकली, बसले. आठला आकडा लिहिला. साडेआठला लिहिला. आकडा चढत होता, जसा चढायला पाहिजे तसा. बाराला माथ्यावर. एकला बी ठीक. मी मनात म्हणले, बघा, बाई गेली आन यंत्र सुधारलं. स्वतःच रचलेलं खोटं मला स्वतःलाच पटाय लागलं होतं.

दोनला आकडा घसरला. अडीचला अजून घसरला, वीस-बावीस आकडे. मी उठून खोपटाभोवती फिरले. माळावर चिटपाखरू नाय. गाडी नाय, बैलगाडी नाय, कुणाच्या खांद्यावर कुदळ नाय. माझ्या अंगावर तपासलं, लुगड्याच्या ओच्यात एखादी पिन अडकलीय का. काही नाय. साडेतीनला आकडा पुन्हा वर आला.

म्हणजे खड्डा शिवराजच्या गाडीचा नव्हता. ते तर मला माहीतच होतं. पण आता वही सांगणार होती. मी जे दिसलं ते लिहिलं असतं तर मॅडम येऊन म्हणल्या असत्या, नंदिनी खरी होती. आन मग मी कोण?

मी मागची पानं उलटली. धाकटीच्या अक्षरात कार्तिकातले दिवस होते, गुळगुळीत, चढलेले न् उतरलेले. एका दिवसाचे दुपारचे आकडे बघून, एक-दोन इकडं तिकडं करून मी माझ्या पानावर उतरवले. सोपं होतं. मॅडम म्हणल्याच होत्या, वहीचे फोटो धाडायचं तुम्हाला जमायचं नाही, मीच येऊन बघते. कुणाला काय कळणार होतं?

द्वितीयेला खड्डा तीनच्या पुढं आला. मी वहीत गुळगुळीत लिहिला. तृतीयेला चारला आला. गुळगुळीत. चतुर्थीला पाचला पेन ठेवता ठेवता तळाशी होता.

आता इथं एक गोष्ट झाली, ती तृतीयेच्या सांजेची. मी संकष्टी धरते, पंचवीस वर्षं झाली. चंद्र रोज पाऊण तासानं मागं सरकतो हे मला कॅलेंडरात बघावं लागत नाय, माझ्या पोटाला माहीत हाय. सांजेला माळावरून परतताना कोर मावळतीला दिसायची. काल ज्या वेळेला बुडली होती त्या वेळेला आज अजून वर लटकलेली. मी चालता चालता थांबले. बाराला, एकला, दीडला, अडीचला, तीनच्या पुढं, चारला. हा खड्डा तर चंद्राच्या पावलानं चालत होता.

धाकटीला हे कळलं नव्हतं. मॅडमला बी कळलं नव्हतं. दोघींच्या वह्या, दोघींचं इंग्रजी, आन ही गोष्ट मला कळली होती, मला एकटीला, उपासाच्या जोरावर. वाटलं, आत्ताच्या आत्ता कडुबाचा फोन घ्यावा आन सांगावं, मॅडम, तुमचा खड्डा चंद्राच्या मागं लागलाय. मग त्या काय म्हणतील, कशा बघतील, हे मी घरापर्यंत मनात घोळवत आले. ओट्यावर आले न् ध्यानात आलं की सांगायला तोंडच ठेवलं नाय मी. कुठला खड्डा, असं त्या विचारतील. वहीत तर खड्डा नाय.

त्या रात्री मला भाकर गोड लागली नाय. धाकटी वाढत होती. तिनं विचारलं, "ताई, आज आकडा कसा होता ओ?" मी म्हणले, "चांगला होता. एकदम सरळ." तिनं भाकरीचं टोपलं खाली ठेवलं आन आत गेली. शिवराज माझ्याशी चार दिवस बोलत नव्हता. कडुबा त्याच्याशी बोलत नव्हता, कारण शिवराजनं त्याला तुझी बायको खोटारडी म्हणून सांगितलं होतं. वाटणी झाली तरी चूल एकच होती, आता मात्र एका ओट्यावर दोन तोंडं झाली.

पंचमीपासून खड्डा दिसेना. सांजेच्या पलीकडं गेला असंल. चार दिवस मी खरे आकडे लिहिले आन मला हलकं वाटलं. म्हणलं, गेली पीडा. नवमीला सकाळी साडेआठला तो पुन्हा आला. दशमीला नवाच्या पुढं. एकादशीला दहाला. मला आता बघायची बी गरज नव्हती, आदल्या दिवशीच सांगता येत होतं. मी वहीत खोटं लिहायची आन मनात खरं ठेवायची. पंधरा दिवसांची वेळ न् वेळ मला पाठ झाली होती.

शुद्ध त्रयोदशीला सकाळी मॅडम आल्या. पण विहिरीपाशी थांबल्या नाय, मला मावशी बी म्हणल्या नाय. आधी खोपटात गेल्या, डब्यातलं ते नखाएवढं काढलं आन सगळ्यांना ओट्यावर बोलावलं. लॅपटॉप उघडून ते त्याच्यात घातलं. तवा मला कळलं की ते सेल नव्हते. ते कार्ड होतं. यंत्र रात्रंदिवस आपलं आपण सगळं लिहून ठेवत होतं त्याच्यात. वही फक्त अडीनडीला होती.

लॅपटॉपवर एकाखाली एक रेषा आल्या, एका दिवसाची एक. प्रत्येकीला एक खड्डा, आन खालच्या रेषेचा खड्डा वरच्यापेक्षा जरा पुढं. पायऱ्या उतरत गेल्यावानी. "या अल्लाह," मॅडम हळूच म्हणल्या. मग धाकटीचा हात धरला.

"नंदिनी, मला माफ कर. ही बाईक नाही. बाईक रोज पन्नास मिनिटं उशिरा येत नसते. हा चंद्र आहे." मग त्यांनी सांगितलं, आन माझ्याही कानावर पडलं. तिकडं उत्तर ध्रुवावर, ढगांच्या कितीतरी वर, तीस किलोमीटरवर, ऐन थंडीत हवा एकदम तापली होती. तिथले वारे उलटे फिरले. हवेला सूर्याची भरती असती तशी चंद्राची बी असती, पण लई बारकी, एरवी कुणाच्या ध्यानात येत नाय. ध्रुवावर असं झालं की तीच भरती वर जाता जाता मोठी होती आन वरच्या विजेला सकाळी एकीकडं, दुपारी दुसरीकडं ढकलती. "कुठं ध्रुव आणि कुठं देवगाव," मॅडम म्हणल्या. "मला आधी हे सुचायला हवं होतं. मी तीन दिवस बघितले आणि लोखंड शोधत बसले."

शिवराज कडुबाकडं बघत होता. कडुबा जमिनीकडं. धाकटीच्या डोळ्यात पाणी होतं. जे मला कळलं होतं ते मॅडम तिला सांगत होत्या, तिचा हात धरून.

मग मॅडमनं वही उघडली. एक पान लॅपटॉपशेजारी धरलं. दुसरं धरलं. तिसरं. "पण हे काय?" त्या म्हणल्या. "वहीत खड्डा का नाही? हे आकडे कुणाचे आहेत?"

कडुबानं मान वर करून माझ्याकडं बघितलं आन त्याला कळलं. पंचवीस वर्षं संसार केलेल्या माणसाला तेवढ्यात कळतं.

तेवढ्यात धाकटी म्हणली, "मॅडम, माझी चूक हाय. ताईंना डब्यावरचे बारके आकडे नीट दिसत नाय. मी त्यांना म्हणले, मागच्या पानावरून अंदाजानं लिहा, रोज तसंच असतं. तुम्ही मनाई केली होती तरी मीच सांगितलं."

मॅडमचा हात तिच्या हातातून सुटला. "तू सांगितलंस? दोन वर्षं शिकवून तू अंदाजानं लिहायला सांगितलंस?"

धाकटी म्हणली, "व्हय."

आता तुम्हीच सांगा, मी काय करायचं होतं. गप्प राहिले असते तर सुटले असते. ती काम गमावून बसली असती, जे मला पौषापासून पाहिजे होतं तेच झालं असतं. पण मी तिच्याकडं बघितलं. ती खाली मान घालून उभी, आन शिवराज तिच्याकडं असा बघत होता, कडुबा बी असा बघत होता, की जशी ती कुणी देवी हाय. दोघांना बी ठाऊक होतं ती खोटं बोलतीय न् कामून बोलतीय. विहीर सोडताना हसली होती तशीच ही आता काम सोडत होती. म्हणजे हुशारी तिची, मॅडम तिच्या, आन वरून चांगुलपणा बी तिचाच. मला काय ठेवलं होतं तिनं? नुसतं उपकारात राहणं.

मी म्हणले, "खोटं बोलतीय ती. माझे डोळे चांगले हायत. आकडे मीच खोटे लिहिले. गाडीचं बी खोटं सांगितलं, गाडी बाभळीपाशी असायची. तिला काही माहीत नव्हतं."

चांगुलपणानं नाय बोलले मी हे. जळून बोलले. तिच्या पदरात अजून एक गोष्ट पडू द्यायची नव्हती मला.

मॅडम माझ्याकडं वळल्या. "का, मावशी?"

"बघवत नाय म्हणून," मी म्हणले. मग थांबवेना मला. "आन आंधळी नाय मी. पाडव्याला अडीचला तळ होता. द्वितीयेला तीनच्या पुढं. तृतीयेला चारला, चतुर्थीला पाचला टेकत. मग गेला. नवमीला साडेआठ, दशमीला नवाच्या पुढं, एकादशीला दहा, काल अकरा. चंद्र मागं सरकतो तेवढाच सरकत होता. मला तृतीयेलाच कळलं होतं."

मॅडमनं लॅपटॉपवर बोट ठेवलं आन मी बोलले तसं एकेका रेषेवरून खाली नेलं. एक बी चुकलं नव्हतं. त्यांनी विचारलं, "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाय. उपास धरते मी."

मॅडमनं वही पुढं ओढली. रागावल्या असत्या तर सोसलं असतं. त्या हळू आवाजात म्हणल्या, "मावशी, हे दिसलं तसं लिहिलं असतं, तर दिल्लीच्या माणसांपुढं मी तुमची वही ठेवली असती. सांगितलं असतं, हे आधी ह्यांनी ओळखलं. आता ही पानं मी कुणालाच दाखवू शकत नाही." आन लाल पेन काढून माझ्या प्रत्येक पानावर एक तिरपी रेष मारली. बारा पानं. चार दिवस खरे होते, त्यांच्यावर बी मारली, कारण आता ते खरे कोण मानणार. मी प्रत्येक रेष मारताना बघितली. मग त्यांनी वही धाकटीच्या हातात दिली. तिची ट्रेनिंगची बात पक्की हाय, हे बी तिथंच म्हणल्या.

साडेअकराला आम्ही माळावर गेलो. मी कामून गेले मला माहीत नाय. कुणी ये म्हणलं नव्हतं, नको बी म्हणलं नव्हतं. धाकटीनं रेषेपाशी पिना काढल्या, मोबाइल दगडावर ठेवला आन आत जायच्या आधी मागं वळली.

"ताई, आज कवा येईल ओ?"

माझ्या जिभेवर चुकीची वेळ आली होती. आली होती, खोटं नाय सांगत. मी म्हणले, "आता उतरायला लागला आसंल. बाराला तळाला जाईल."

ती आत जाऊन बसली. मॅडम तिच्या शेजारी. मी चुन्याच्या रेषेबाहेर उन्हात उभी राहिले, कारण माझ्या साडीला पिना होत्या आन काढ म्हणायला कुणी नव्हतं. बारा वाजले. धाकटीनं डब्याकडं बघितलं, माझ्याकडं बघून मान हलवली आन वहीत वाकली. माझं बरोबर आलं होतं, आन लिहीत ती होती.